गच्चीचा उतार

"जरा कावळे हाक रे," म्हणत पेठेकाकू कुरडयांचं वाळवण माझ्यावर सोपवून गेल्या. गच्चीच्या दुसऱ्या टोकाला मी ड्रममध्ये मटणाला धुरी देत होतो. काकू अंड्यालाही न शिवणाऱ्या, पण मला त्यांनी कधी टोकलं नव्हतं.

उन्हात माझा डोळा लागला. ड्रमखालची ताटली ठिबकणाऱ्या चरबीने भरून वाहिली आणि चरबी उताराने थेट वाळवणात शिरली. माखलेल्या कुरडया मी फडक्याने पुसून जागच्या जागी ठेवल्या.

आठवड्याने काकू तळलेल्या कुरडया घेऊन दारात. "नैवेद्य दाखवून थेट आलेय. राखण तुझी, पहिला मान तुझा."

सगळं सांगून टाकायला मी तोंड उघडलं. काकूंनी त्यात कुरडईचा तुकडा भरवला आणि उरलेला हसत आपल्या तोंडात टाकला.