उंदरिणीच्या घरातली चावी

मात्रोनाने अंगरख्याचा पुढचा खिसा पुन्हा चाचपला आणि सुनेकडे बघून उगाच हसली. चार जाड चाकांच्या उघड्या गाडीची चावी खिशात नव्हती. ती कुठे आहे हे तिला पक्कं ठाऊक होतं, आणि घाम फुटला होता तो त्यामुळेच.

खिशाला भोक पडलं म्हणून निघताना तिने चावी सुक्या माशाच्या पिशवीत टाकली होती. तो मासा आता उंदरिणीच्या बिळात होता.

उत्तरेकडच्या त्या दलदलीच्या माळावर उंदीर हिवाळ्यासाठी पांढऱ्या गोंड्यांच्या कापूस-लव्हाळ्याच्या बुडाचे गोड गड्डे कुरतडून जमिनीखाली साठवतात. बायका ते बीळ हुडकतात, निम्मे गड्डे घेतात, बदल्यात सुका मासा ठेवतात आणि वरून शेवाळ होतं तसं लावून टाकतात. यात मात्रोनाचा हात धरणारं गावात कोणी नव्हतं. तिने झाकलेलं बीळ परत उंदरालाही सापडत नाही, असं लोक म्हणायचे आणि ती खूश व्हायची. मासा ठेवताना ती तोंडसुद्धा फिरवून घ्यायची. दुसऱ्याच्या घरात काय डोकवायचं? आजही तिने तोंड फिरवूनच पिशवीतला होता नव्हता तेवढा मासा आत सारला होता. चावीसकट.

समुद्राकडून धुकं निघालं होतं. ओढ्याची कड दिसतेय तोवर निघायला हवं, एकदा ती बुडाली की घर कुठल्या दिशेला हे देवच जाणे. त्यात सुनेला, पॉलीला, नववा महिना. उद्याच्या विमानाने तिला शहरातल्या दवाखान्यात जायचं होतं, आणि गड्डे खाल्ल्याशिवाय मी जायची नाही, असं ती अडून बसली होती. तिला खड्ड्याखुड्ड्यांतून नेऊ नकोस, असं वासिलीने आईला दोनदा बजावलं होतं. मात्रोनाने मुलाला वेड्यात काढलं होतं.

"आणखी एक बीळ बघू," ती म्हणाली आणि चिखलात शिरली.

बिळाची खूण तिने मनात नीट धरून ठेवली होती: पांढरे गोंडे एका बाजूला कललेले, पात्यांची टोकं लाल, आणि पाय घोट्यापर्यंत रुतेल अशी ओल. आता तिने मान वर केली. नजर पोचेल तिथवर पांढरे गोंडे एका बाजूला कलले होते. पात्यांची टोकं लाल होती. पाय घोट्यापर्यंत रुतला होता.

"आई, पिशवी भरली की," पॉली मागून म्हणाली. "हावरटपणा केला की उंदीर घरात घुसून बूट कुरतडतात, हे मला कोणी सांगितलं होतं?"

मात्रोना शेवाळ दाबून बघत राहिली.

"चावी द्या. मी गाडी सुरू करते."

"चावी ठेवलीय."

"कुठे?"

"मासा ठेवला तिथे."

पॉली आधी खो खो हसली. मग तिचं हसणं मध्येच तुटलं आणि हात पोटाखाली गेला. थोडं आवळलंय, काही नाही, असं ती म्हणाली. मात्रोनाला वासिलीचा चेहरा दिसायला लागला. ती गुडघ्यांवर बसली आणि जो गोंडा हाताला येईल त्याच्या बुडाशी चाचपू लागली. मागे गाडीची लाल सीट फिकी झाली, मग दिसेनाशीच झाली.

"आई," पॉली हळूच म्हणाली. "मासा चाललाय."

खरंच चालला होता. लव्हाळ्याच्या काड्यांमधून सुक्या माशाची एक पट्टी अडखळत पुढे सरकत होती, आणि ती ओढणारी उंदरीण पट्टीएवढीही नव्हती. दोघी रांगत मागे लागल्या. आपलं बीळ उघडलं गेलं म्हणून उंदरीण माल हलवत असावी; पट्टी शेवाळाच्या एका उंचवट्याखालच्या नव्या बिळात गेली. दाराशीच चावी पडली होती, माशाचं तेल चाटूनपुसून लख्ख केलेली. नको असलेला माल उंदरीणबाईने बाहेर काढला होता.

पॉलीने हात पुढे केला. मात्रोनाने मनगट धरलं.

"थांब. तशी उचलायची नाही."

"चावी आपली आहे, आई."

"आता तिच्या घरातली आहे. काहीतरी ठेवायला हवं."

मासा उरला नव्हता. खिसा फाटका. मात्रोनाने पॉलीच्या पोटाकडे पाहिलं, धुक्याकडे पाहिलं, आणि गड्ड्यांची पिशवी उचलली. तोंड फिरवून तिने सगळे गड्डे बिळात ओतले, चावी घेतली आणि शेवाळ होतं तसं लावलं.

पॉलीने एक हात आपल्या खिशात खुपसला. दुसऱ्या हाताने सासूला धरून, चिखलात रुतलेल्या आपल्याच पावलांमागे ती गाडीपर्यंत आली, मागे बसली.

मात्रोनाने चावी लावली. तेवढ्यात पाठीमागून कुर्रम असा बारीक आवाज आला. मग पुन्हा एकदा, जपून, गालातल्या गालात.

मात्रोनाने तोंड फिरवून घेतलं आणि गाडी सुरू केली.