वरकुटे-बारामती कनेक्शन

“परत लाल अक्षरं आली, मॅडम,” संदेश फोनवर म्हणाला. “सर्व्हर सापडत न्हाय म्हणतंय.”

वृषालीनं मांडीवरचा लॅपटॉप सरळ केला. वरकुट्यात घरी बसून ती पेरू उत्पादकांच्या कंपनीचं ॲप सांभाळायची. शेतकरी बागेतूनच मोबाईलवर माल नोंदवायचे आणि त्या नोंदी तिच्या डेटाबेसमध्ये जायच्या. प्रत्येकाची नोंद वेगळ्या घडणीची. कुणाची एकच बाग, कुणाच्या चार. बारामतीच्या पॅकिंग सेंटरवर संदेश मात्र एक्सेलवर गाड्या लावायचा, आणि एक्सेलला सगळं सरळ रकान्यांत लागतं. सोमवारी हंगाम सुरू होणार होता. तोवर दोन्ही जोडले गेले नाहीत, तर तोडलेला पेरू बांधावर गाडीची वाट बघत पिवळा पडणार होता.

आठवडाभर दोघं फोनवर झुंजत होते. समोरासमोर कधी भेटले नव्हते. तो चुकला की आधी स्वतःच हसायचा. ती चुकली की म्हणायचा, “असू द्या, नेटच स्लो हाय.”

वृषालीची आई, द्वारकाबाई, ओट्याजवळून रोज विचारायची, “जुळलं का गं तुमचं?”

“अजून न्हाय,” वृषाली सांगायची, आणि उगाचच तिचे कान गरम व्हायचे.

शनिवारी तिला खोट सापडली. डेटाबेस आणि एक्सेल यांना जोडणारा ड्रायव्हर नावाचा छोटा प्रोग्रॅम जुन्या एक्सेलसाठीचा होता. तिनं नवा पाठवला. ज्याच्या चार बागा, त्याच्या चार ओळी होतील अशी मांडणीही करून दिली.

“आता रिफ्रेश दाबा.”

पलीकडं बटणाचा खटका वाजला. मग संदेश सावकाश वाचायला लागला. “गेणबा, वरकुटे, खालची बाग. गेणबा, वरकुटे, विहिरीजवळची बाग... आल्या, मॅडम. समद्या ओळी आल्या.”

दोघं कितीतरी वेळ नुसतेच हसत राहिले. फोन ठेवायला कुणालाच सुचेना. शेवटी त्यानंच “थँक्यू, मॅडम” म्हणून ठेवला.

सोमवारी गाड्या वेळेवर निघाल्या. मंगळवारी फोन आला नाही. बुधवारीही नाही. काम चोख झालं होतं, मग फोन येणार कशाला? तरी वृषालीचा हात सारखा मोबाईलकडं जात होता.

गुरुवारी तो वाजला.

“मॅडम,” संदेश अडखळत म्हणाला, “कनेक्शन तुटलंय बघा.”

तिनं लॅपटॉप उघडला. कोण जोडलेलं आहे, कुणी कधी माहिती घेतली, सगळं तिला तिथं दिसायचं. संदेशचा कम्प्युटर व्यवस्थित जोडलेला होता. मिनिटापूर्वीच त्यानं नव्या नोंदी उतरवून घेतल्या होत्या.

वृषालीनं हसू आवरलं.

“व्हय,” ती म्हणाली, “हितनंबी तुटलेलंच दिसतंय. फोनवर न्हाय जमायचं. उद्या येते बारामतीला.”