बारावं पान

गाडी तळ्याकाठी थांबली तरी विक्रांतसरांनी एसी बंद केला नाही. गुडगावजवळचं हे तळं बुजवून एका बिल्डरला टॉवर उभे करायचे होते, आणि इथल्या वन्यजीवांचा अहवाल सरांच्या कंपनीकडे होता. प्राणिशास्त्र शिकलेली कंपनीत एकटी तेजश्रीच. ती दुर्बीण घेऊन उतरली आणि गुडघाभर चिखल तुडवून परत आली.

"सर, सारसाची जोडी आहे. घरट्यात दोन अंडी आहेत."

"मला काहीच दिसलं नाही." सरांनी छापील अहवाल तिच्या मांडीवर आपटला. "सहलीला आणलंय का तुला? चलो, सही कर."

"आधीच लिहून तयार? निदान सारस तरी घालू या."

"एक अक्षर बदलायचं नाही! कोकणातली जेट्टी अशाच अहवालावर पास करून घेतलीय मी. उद्या मला पर्यावरण समितीपुढे तो मोठ्यानं वाचायचाय. सही नसेल करायची तर उतर, आणि पार दिल्लीत, मुनिरक्यातल्या तुझ्या खोलीपर्यंत चालत जा."

तिने अहवाल वाचायला घेतला. बाराव्या पानावर ती थबकली.

"सर, तुम्ही नीट वाचलंय ना हे?"

"मीच लिहिलंय! मला अक्कल शिकवू नकोस."

"नाही शिकवत," तेजश्री म्हणाली, आणि तिने सुवाच्य अक्षरात सही केली.

बाराव्या पानावर लिहिलं होतं: "भरती ओसरल्यावर संपूर्ण किनारा पायी फिरून पाहिला. समुद्री कासवांची घरटी आढळली नाहीत."