ओला डोंगा

ट्रॅक्टर लटारू ठेकेदाराच्या दारावरूनच न्यायचा, हे सुगंधाबाईने सकाळीच ठरवून टाकलं होतं. नदीच्या घाटाला जायला दुसरा रस्ता नव्हता, हे खरं. पण असता तरी ती त्या रस्त्याने गेली नसती.

ट्रॉलीत माणसं नदीपार नेणारा जुना सागवानी डोंगा होता आणि डोंग्यात ती स्वतः, दोन्ही हातांनी कड धरून बसलेली. ट्रॅक्टर भाच्याचा, धनराजचा. तो घडीघडी मागे वळून सांगत होता, मावशी, इकडे माझ्या बाजूला येऊन बस, लोक हसून राहिलेत. लोकांना हसायला काय लागतं? रस्त्यावरून डोंग्यात बसून चाललेली बाई दिसली तर मीही हसले असते, असं म्हणून तिने पदर आणखी घट्ट खोचला.

डोंगा पोंभुर्ण्यापलीकडच्या एका गावातून घेतलेला. तिथे नदीवर पूल झाला आणि बिचाऱ्याला काम उरलं नाही. देताना तो बांधणाऱ्या मुश्ताक मिस्त्रीने त्याच्या पाठीवरून हात फिरवला आणि एकच गोष्ट बजावली.

"बाई, याले वाटेत सुकू नका देऊ. ओलं हाये तोवर फळ्या एकमेकीले धरून राह्यतात. एकदा फाकल्या का मंग मले बी नाई जुळत."

म्हणून डोंग्यात ओली पोती अंथरली होती. वाटेत लागेल त्या हातपंपावर थांबून ती भिजवायची, वरून चार बादल्या ओतायच्या आणि पुढे निघायचं. सहा गावांनी पाणी दिलं, सहा गावांनी टिंगल केली. दोन्ही तिने मुकाट घेतलं.

सातवं गाव लटारूचं. इथून पुढे घाट, घाटाखाली भर उन्हाळ्यातही बांबू टेकत नाही असा डोह, आणि पलीकडे सुगंधाबाईचं गाव. त्या डोहावर एकच डोंगा चालायचा, लटारूचा. गेल्या आषाढात तिची सून पुनम काठावर कळा देत पडली होती आणि हा माणूस म्हणाला होता, जेवण झाल्यावर पाहू. त्याचं जेवण होईस्तोवर नातू चिखलात जन्मला. जगला, हे त्याचं नशीब. त्या दिवसापासून सुगंधाबाई लटारूच्या डोंग्यात बसली नव्हती. नदी उतरली की तीन कोसांचा फेरा घालून ती उथळ पाण्यातून चालत जायची.

पोती आता पापडासारखी वाळली होती. गावाच्या तोंडाशीच तिच्या पायाखाली फळी कट्‌कन वाजली. तिने धनराजला हातपंपापाशी थांबायला लावलं.

हातपंप लटारूच्या दारासमोर. लटारू अंगणात खाटेवर बसलेला, आणि पंपाचं दांडकं त्याच्या मांडीवर. ट्रॉलीतला डोंगा दुरून पाहूनच काढलं असणार. ज्याचा सारा जन्म डोंग्यात गेला, त्याला सुकलेल्या लाकडाचं काय होतं ते कोणी शिकवायला नको होतं. नुकतंच पाणी भरून झालेल्या चार-पाच बाया भरलेले पितळी गुंड डोक्यावर घेऊन तिथेच थबकल्या होत्या.

"पंप बिघडला," लटारू म्हणाला. "तुमचा डोंगा ठेवा इथीच वाळत. घरी जाचं असन तं माहा हाये ना. बसा."

"मेली तरी तुमच्या डोंग्यातून नाई जात, लटारूभाऊ."

खाली पुन्हा कट्‌ झालं. धनराजने मान खाली घातली. सुगंधाबाईच्या डोळ्यांत पाणी आलं, रागाचं होतं, आणि ते त्या माणसाला दिसू नये म्हणून ती डोंग्यात ताठ उभी राहिली.

बायांमधली सोमारी पुढे आली. लटारूच्या भिंतीला भिंत लागून राहणारी म्हातारी. लेक पलीकडे दिलेली, आणि तिला भेटायचं तर शेजाऱ्याच्या मर्जीवर. डोंग्याला पाणी कशाला लागतं, असं तिने विचारलं. सुगंधाबाईने सांगितलं. सोमारीने लटारूकडे पाहिलं, त्याच्या मांडीवरच्या दांडक्याकडे पाहिलं. मग धनराजच्या हाताने गुंड ट्रॉलीवर चढवला आणि म्हणाली, "ओत."

तिच्यामागून दुसरीने दिला, मग तिसरीने. घरी रांजण रिकामे असतील, दांडकं आज बसेल की उद्या याचा भरवसा नाही, हे प्रत्येकीला ठाऊक होतं. शेवटचा गुंड रिता झाला तेव्हा डोंग्यात घोटाभर पाणी होतं आणि खालून चार ठिकाणी धार लागली होती.

"गळून राह्यला," लटारू हसून म्हणाला.

"गळू द्या. कुठी गळते ते इथीच पाहून घेतो," सुगंधाबाई म्हणाली.

लटारू उठला. घाटाचा ठेका आपल्या नावावर आहे, हा डोंगा पाण्यात उतरणार नाही, असं तो ओरडला. घाट तुमचा असेल, नदी तुमची नाही, असं तिने ट्रॅक्टरच्या आवाजावर आवाज काढून सांगितलं. पोतं फाडून ती वाकली आणि एकेका फटीत चिंध्या दाबू लागली. सोमारीने खालून विचारलं, उद्या मला पलीकडे सोडशील का?

"उद्या काऊन? आजच चाल."

ट्रॉली हलली. डोंग्यातून पाणी ठिबकत राहिलं आणि लटारूच्या दारापासून घाटाच्या दिशेने रस्त्यावर एक ओली रेघ उमटत गेली. चैत्राच्या उन्हात गिट्टी तव्यासारखी तापली होती. रिकामे गुंड कमरेवर घेऊन बाया त्या रेघेवर अनवाणी पाय टाकत, एकीमागे एक, डोंग्याच्या मागे निघाल्या.