सील शाबूत

"हात लावू नकोस, ओलं आहे," स्टोअरकीपर म्हणाला.

आईने बोट मागे घेतलं. चौदाव्या खोक्याच्या झाकणावर कागदाची पट्टी डकवून त्याने तिच्यावर सही ठोकली होती आणि आता तो त्या सहीवर फुंकर घालत होता. आतल्या प्रत्येक नगावर, मग ती साबणाची वडी असो की गोळ्यांची पट्टी, उजव्या कोपऱ्यात हिरव्या पेनचा ठिपका होता. नोकरीतली सवय. एकतीस वर्षं त्याने गोदामात हेच केलं होतं. माल आला की ठिपका, खोकं भरलं की सील, आणि दर सोमवारी सिलांची मोजणी. सील शाबूत तर माल शाबूत. खोकं उघडून बघणं म्हणजे स्वतःच्याच सहीवर संशय घेणं, असं तो म्हणे. निवृत्तीच्या दिवशी साहेबांनी त्याला घड्याळ दिलं होतं. ते तिसऱ्या खोक्यात सीलबंद होतं.

टंचाई येणार हे त्याने तीन महिन्यांपूर्वीच ओळखलं होतं. बातम्यांत सलग दोन दिवस 'घाबरण्याचं काहीही कारण नाही' असं सांगितलं, तेव्हाच त्याने पहिलं खोकं आणलं.

आता प्रश्न उरला होता तो शेजाऱ्यांचा.

"साठा आहे हे कळलं की दारात रांग लागलीच म्हणून समज," तो म्हणाला. "म्हणून आपणच मागत राहायचं. मागणाऱ्याच्या घरात कुणी डोकावत नाही."

"आणि त्यांच्याकडेच नसलं तर?"

"नसलं तर नाही म्हणतील."

"दारात आलेल्याला नाही म्हणायचं जिवावर येतं रे माणसाच्या."

"तो त्यांचा प्रश्न आहे, आई."

आईने मान डोलावली आणि विणकामाची पिशवी उचलली. रोज दुपारी ती समोरच्या मास्तरीणबाईंकडे विणायला बसे. जाताना पिशवी टम्म फुगलेली असे. एवढी लोकर नेऊनही तिच्या हातून तीन महिन्यांत एक मोजा पुरा झाला नव्हता. पण वय झालं की चालायचंच.

"चिकटपट्टीचं रीळ संपलं बघ माझं," ती दारातून म्हणाली. "दुसरं काढून ठेव."

"विणकामाला चिकटपट्टी?"

"सुयांच्या टोकांना लावते. टोचतात."

त्याने रीळ काढून ठेवलं. साठ्यात चिकटपट्टी भरपूर होती.

ठरल्याप्रमाणे तो मागत राहिला. दर दोन दिवसांनी वाटी घेऊन समोरच्या दारात उभं राहायचं, खांदे जरा पाडायचे, चेहऱ्यावर लाचारी आणायची. लाचारी त्याला सुरुवातीला जमत नसे. दुसऱ्या आठवड्यात बरी यायला लागली. कधी साखर, कधी मीठ, कधी चार काड्या. मास्तरीणबाई काहीही न विचारता वाटी भरून देत.

"घ्या हो भाऊ. परत करायची काळजी करू नका."

"उपकार आहेत तुमचे."

"उपकार कसले! अहो, तुमच्या आईसारखं माणूस शेजारी असल्यावर आम्हाला काय कमी?"

बाई जरा भाबडीच आहे, असं त्याचं मत झालं. घरी आल्यावर त्याला एकाच गोष्टीची रुखरुख लागे. वाटीतल्या सुट्या साखरेला ठिपका देता येत नसे.

मग टंचाई खरंच आली. किराणावाल्याने अर्धं शटर पाडलं. औषधाच्या दुकानात 'विचारू नये' एवढंच लिहिलेला पुठ्ठा लटकू लागला. आईच्या बीपीच्या गोळ्यांपैकी बाहेर ठेवलेली शेवटची गोळी तिने काल घेतली होती आणि आज दुपारपासून ती भिंतीला धरून चालत होती.

"जरा गरगरतंय रे," ती म्हणाली आणि पलंगावर टेकली.

स्टोअरकीपर सुरी घेऊन अकराव्या खोक्यासमोर उभा राहिला. आत गोळ्यांच्या चाळीस पट्ट्या. त्याने सुरी सिलावर टेकवली. सही छान आली होती. त्याने सुरी उचलली, पुन्हा टेकवली.

"आई, ही खरी वेळ आहे का गं?"

"तूच ठरव बाबा."

"म्हणजे याहून वाईट वेळ आली तर? सील एकदा फुटलं की फुटलं."

"मग मास्तरीणबाईंकडे बघ मागून."

"त्यांच्याकडे कुठल्या? दोन-दोन पायऱ्या गाळून जिना चढते ती बाई. तिला कसलं आलंय बीपी?"

"विचारून तर बघ."

तो गेला. आज लाचारी मुद्दाम आणावी लागली नाही. आवाज खरोखरच कापत होता. मास्तरीणबाईंनी पूर्ण ऐकूनही घेतलं नाही. आत गेल्या, कपाट उघडल्याचा आवाज आला, आणि त्या गोळ्यांची अख्खी पट्टी घेऊन आल्या.

"लागल्या तर आणखी न्या, भाऊ. संकोच करू नका."

त्याचा आ वासलेला तसाच राहिला. पट्टी मुठीत धरून तो घरी आला तो रागाने लाल होऊन.

"ऐकलंस? आजार ना बिजार, आणि बाईने कपाट भरून बीपीच्या गोळ्या साठवल्यात! इथे लोक एका गोळीसाठी वणवण फिरतायत. लाज कशी वाटत नाही गं माणसांना?"

"पाणी दे आधी," आई डोळे मिटून म्हणाली. "आणि गोळी."

"देतो. एक मिनिट. बाहेरून आलेला माल आहे, नियम म्हणजे नियम."

त्याने खिशातून हिरवं पेन काढलं, टोपण दातांत धरलं आणि पट्टीचा उजवा कोपरा चष्म्याजवळ नेला. तिथे हिरवा ठिपका आधीच होता.