मणीची दाढ

"तोंड उघडू नकोस त्याचं," कामाक्षी म्हणाली. "नुसतं इंजेक्शन दे. झोपेतच जाऊ दे."

डॉक्टर दिव्यश्रीचा हात थांबला. टेबलावर मणी आडवा पडला होता. पिवळसर गावठी कुत्रा, बरगड्या वर आलेल्या. खालचा जबडा एका बाजूनं सुजला होता आणि लाळेत रक्त होतं. खिडकी उघडी असूनही वास जात नव्हता.

दिव्यश्रीनं विचारल्यावर कामाक्षीनं सांगितलं की पोंगलपासून तो दहीभाताला तोंड लावतो आणि मागं सरतो. आता पाणीही पीत नाही. आधी का आणलं नाही, याचं उत्तर तिच्याकडे होतं. हा वास तिच्या ओळखीचा होता.

तिच्या नवऱ्याच्या, कृष्णमूर्तींच्या तोंडाला असाच वास येऊ लागला होता. जबड्यावर अशीच सूज. कृष्णमूर्तींना पान-तंबाखूची सवय. त्यांच्या थोरल्या भावाला तोंडाचा कॅन्सर झाला होता. चेन्नईत त्याचा अर्धा जबडा काढला, नाकातून नळी घातली, तरी तो गेलाच. कृष्णमूर्तींनी ते सगळं उशाशी बसून पाहिलं. स्वतःवर वेळ आली तेव्हा त्यांनी कामाक्षीकडून शब्द घेतला, मला त्या वाटेनं नेऊ नकोस.

तिनं नेलं नाही. मिठाच्या पाण्यानं त्यांचं तोंड धुतलं, चमच्यानं पेज भरवली. ताप चढला, गळा सुजला, श्वास अडकू लागला, तेव्हाही हात धरून बसली. असं मन घट्ट करणं सोपं नाही, असं नातलग म्हणाले. पुढचे एकटेपणाचे दिवस तिनं त्या पाळलेल्या शब्दाच्या आधारानंच काढले. मणीलाही ती तशीच सांभाळत होती. फक्त त्याचे हाल फार लांबू नयेत, म्हणून आज दवाखान्यात आली होती.

"मामी, पाहिल्याशिवाय मी त्याला मारणार नाही," दिव्यश्री म्हणाली.

ती त्यांच्याच गल्लीतल्या मराठी घरातली, कामाक्षीसमोर लहानाची मोठी झालेली. कामाक्षीला तिचा राग आला. पण ती मणीला उचलून निघून गेली नाही.

मणीला सलाइन लावलं. दुसऱ्या दिवशी भूल देऊन आत नेलं. कामाक्षी बाहेरच्या बाकावर बसली. गुंडाळायला म्हणून तिनं कृष्णमूर्तींची नेसायची जुनी वेष्टी आणली होती. भुलीतून तो उठणार नाही, हे तिनं धरूनच ठेवलं होतं.

दिव्यश्री बाहेर आली ती हातात स्टीलचा ट्रे घेऊन. ट्रेमध्ये उभी चिरलेली एक दाढ होती, मुळाशी काळी पडलेली. तिनं सांगितलं, हाड चावताना तडकली असावी. आत पू साठत गेला. गाठ कुठंच नाही. दाढ काढली, पू काढला, बाकीचे दातही साफ केले. औषधं दिली की आठवड्यात खाऊ लागेल.

मणी आठवड्याच्या आधीच खाऊ लागला. सूज उतरली, वास गेला. कामाक्षीनं भात कालवला की तो ताटली चाटून पुसून ठेवायचा आणि शेपूट हलवत तिच्या मागंमागं फिरायचा. शेजारणी म्हणत, वाचवलंस गं मुक्या जिवाला.

तपासणीसाठी ती मणीला परत घेऊन गेली. दिव्यश्रीनं त्याचा ओठ वर करून पाहिलं आणि समाधानानं मान हलवली.

"माणसांतही असं होतं का गं?" कामाक्षीनं विचारलं.

"होतं की," दिव्यश्री हात धूत म्हणाली. "दाढेचा पू गळ्यात उतरला तर माणूस दगावतोसुद्धा. वेळेवर पाहिलं तर एवढ्याशा उपायानं बरा होतो. मामांची गोष्ट वेगळी. त्यांची गाठ कुठं तपासली होती, तंजावरला?"

नळ बंद झाला. कामाक्षी मणीच्या जबड्यावरून हात फिरवत राहिली.

"तपासली नव्हती," ती म्हणाली. "वासावरनं आम्हीच ठरवलं."