होडीतून कुठं जाणार

किनाऱ्यावरची माडांची रांग बोटभर दिसायला लागली, तेव्हा शारदाबाईंना पहिली उलटी झाली. अजीजाबीनं त्यांची पाठ चोळली, नाकाशी लिंबू धरलं. पण होडी माघारी घ्या, असं काही ती म्हणाली नाही. देवमासा बघितल्याशिवाय ती आज हलणार नव्हती.

होडीत पाच माणसं. शीड सांभाळणारा कोकणी तांडेल, अजीजाबी, तिचा मुलगा चाँदपाशा, आणि भूमचे त्यांचे शेजारी दत्तोपंत मास्तर नि शारदाबाई. महाराष्ट्र राज्य झालं आणि कारकून चाँदपाशाची बदली थेट समुद्रावर, बंदरखात्यात झाली. त्यानं आईला चार दिवस राहायला बोलावलं, तर तिनं अट घातली की मास्तर आणि वैनी येत असतील तरच येईन. नाताळच्या सुट्टीत दोघांना अक्षरशः ओढून आणलं होतं तिनं. उद्या सकाळी परतीची एसटी होती.

मासा बघायचा होता हे खरंच. युनूस पैगंबरांना ज्यानं पोटात ठेवलं आणि सुखरूप किनाऱ्याला सोडलं, त्या माशाची जात तिला एकदा डोळ्यांनी बघायची होती. पण त्याहून मोठं काम मास्तरांशी होतं. तेरा वर्षं ती त्यांचे उपकार तोंडानं बोलून दाखवायला बघत होती आणि तेरा वर्षं मास्तर निसटत होते. विषय निघाला रे निघाला की त्यांना शाळेची घंटा ऐकू यायची. रविवारसुद्धा त्याला अपवाद नव्हता. होडीतून उठून कुठं जातील, असा अजीजाबीचा साधा डाव होता.

थोड्या वेळानं तीन काळे मासे पाण्याबाहेर उसळ्या घेत गेले. चला, झालं दर्शन, असं तांडेल म्हणाला. शारदाबाईंनी घाईघाईनं हात जोडले आणि आता परत फिरू या म्हणाल्या. अजीजाबीनं माशांचं माप डोळ्यांनीच घेतलं. ह्यात माणूस सोडा, माझं बकरूबी मावायचं न्हाय, असं तिनं तांडेलाला ऐकवलं. मास्तर मिशीत हसले. तांडेलानं होडी आणखी आत घातली.

मग वारा पडला. डाव्या अंगाला पाणी फुगलं आणि लोहाराचा भाता सुटावा तसा एक श्वास आला. मोठा, ओला, मासळीच्या वासाचा. फवाऱ्याचे शिंतोडे पाचही जणांच्या तोंडावर उडाले. त्यामागून पाठ वर आली आणि येतच राहिली. एसटीपेक्षा लांब असेल. शारदाबाई मळमळ विसरल्या. चाँदपाशानं न कळत आईचा दंड धरला. पाठ सावकाश वळली आणि पाण्याखाली गेली.

अजीजाबीच्या डोळ्यांना धार लागली होती. तिनं डोक्यावरचा पदर सारखा केला, पाण्याला सलाम केला आणि तशीच मास्तरांकडं वळली.

"मास्तर, आता ऐकून घ्या. माझं पोरगं तुमच्या बळदात वाचलं. तुमचं लई उपकार हाईत."

झालं होतं ते एवढंच. अठ्ठेचाळीस साली निजामाचं राज्य गेलं, त्या पोलीस ॲक्शनच्या धामधुमीत माणसं माणसांना हुडकत फिरत होती. मास्तरांनी घरातलं बळद, म्हणजे भिंतीतलं धान्याचं कोठार, रिकामं केलं आणि सतरा वर्षांच्या चाँदपाशाला नऊ दिवस त्यात लपवला. दहाव्या दिवशी गाव निवल्यावर त्याचा हात धरून त्याला आईच्या दारात आणून उभा केला.

मास्तरांनी सवयीनं इकडंतिकडं बघितलं. चारी बाजूंना पाणी होतं.

"उपकार म्हणू नका, अजीजाबी," ते म्हणाले. "आपली मधली भिंत एकच. नऊ दिवस तुम्ही पलीकडं चिंचोक्यांवर मोजून युनूसची दुआ म्हणत होतात आणि रडत होतात. हा आत ऐकत होता, मी बाहेर ऐकत होतो. पोरगं जिवंत आहे, एवढंसुद्धा मी तुम्हाला सांगितलं नाही. त्याची मला अजून लाज वाटते."

चाँदपाशानं मान खाली घातली. शारदाबाईंनी तोंडाला पदर लावला, आणि तो उलटीसाठी नव्हता.

मास्तरांना कौतुक सोसत नाही, असं अजीजाबी इतकी वर्षं समजत आली होती. हा भला माणूस तिच्या रडण्याचं ओझं घेऊन रोज शाळेला जात होता, हे तिच्या ध्यानीमनी नव्हतं. तिला त्यांची फार माया आली.

"सांगितलं असतं तर मी रडायची थांबली असती, मास्तर. अन् मी थांबली, हे गल्लीला कळलं असतं." तिनं मासा गेला होता तिकडं बोट केलं. "त्यानं तरी युनूसच्या घरी कुठं निरोप धाडला हुता?"